वचन दोघांचं, तिजोरी बापाची : पहिल्या एलिझाबेथच्या काळातली लग्नं

(संकेतस्थळावरचा एक धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तळटीप

१६०१ च्या सप्टेंबरात एका सुनेनं सासूला पत्र लिहिलं. लग्नाला सात वर्षं होऊन गेली होती, पण सासू तिला सून मानायला तयार नव्हती. पत्राची घडी घालून लाखेनं बंद करताना त्या मुलीनं लाखेखाली स्वतःच्या केसांची एक बट दाबून ठेवली. ते पत्र आजही विल्टशायरमधल्या लाँगलीट या वाड्याच्या दप्तरात आहे आणि बटही शाबूत आहे.

सून मारिया, सासू जोन थिन. थिन आणि मारियाच्या आजोळचे मार्विन या दोन घराण्यांचं विल्टशायरमध्ये जुनं वैर. परगण्यात कुणाचा शब्द चालायचा, त्यावरून. १५९४ च्या मे महिन्यात बीकन्सफील्ड गावातल्या ‘बेल’ नावाच्या खानावळीत थिनांचा थोरला मुलगा थॉमस जेवायला आला. वय १६, ऑक्सफर्डचा विद्यार्थी. तिथे मारिया होती, ती राणीच्या सेवेतली. त्याच रात्री तिथेच दोघांचं लग्न लागलं. थिनांच्या घरी कुणाला पत्ता नाही. कळलं तेव्हा आकाशपाताळ एक झालं. प्रकरण चर्चच्या वरच्या कोर्टात गेलं आणि १६०१ मध्ये निकाल लागला: लग्न कायदेशीर. वरचं पत्र त्यानंतरचं.

वैरी घराणी, चोरून लग्न, सोळा वर्षांचा मुलगा, आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत लंडनच्या रंगमंचावर रोमिओ-ज्युलिएट. त्यामुळे ही गोष्ट त्या नाटकाशी नेहमी जोडली जाते. पण मला रस आहे तो दुसऱ्याच गोष्टीत. ते लग्न जुळवलं होतं मारियाच्या आईनं! ती स्वतः त्या खानावळीत हजर होती. म्हणजे इकडून पाहिलं तर पळून केलेलं लग्न, तिकडून पाहिलं तर आईनं ठरवलेलं. वैऱ्याचा वारस जावई म्हणून पदरात पाडून घेतला, तोही हुंड्याचा आकडा न ठरवता.

हे शक्य झालं, कारण त्या काळचा इंग्लंडचा लग्नाचा कायदा विलक्षण होता. मुलगी १२ ची आणि मुलगा १४ चा असला आणि दोघांनी एकमेकांना वर्तमानकाळात ‘मी तुला पत्नी करतो’, ‘मी तुला पती करते’ म्हटलं की लग्न लागलं. चर्च नाही, पाद्री नाही, आईबापांची संमती नाही, तरी ते लग्न मोडता येत नसे. तेच वाक्य भविष्यकाळात म्हटलं, ‘करीन’, तर तो नुसता वाङ्निश्चय. पण त्यानंतर दोघं एकत्र झोपले की त्याचंही लग्न व्हायचं. क्रियापदाच्या काळावर माणसाचा जन्म बांधला जायचा! पाद्र्याशिवायची अशी लग्नं बंद करणारा कायदा थेट १७५३ मध्ये आला.

मग आईबापांच्या हातात काय उरलं? पैसा. जमीन कुणाच्या नावे करायची, मुलीला किती द्यायचं, मुलगा विधवा सोडून गेला तर तिला वर्षाला किती मिळायचं, हे सगळं बापाच्या सहीवर. त्या काळातली इभ्रतीची भांडणं मी जितकी वाचली, त्यांत वरवर शब्द ‘मान’ आणि ‘आज्ञाभंग’ असे असतात, पण चार ओळी खाली गेलं की आकडे सुरू होतात. तुमच्या वाचनात काय आहे?

अर्धाचहा

भारी धागा. रविवारी ताईच्या लग्नाची बैठक आहे, त्यामुळे विषय अगदी अंगावर आला. क्रियापदाचा मुद्दा घरी सांगितला, बाबा म्हणाले, ‘तू बैठकीत तोंड उघडू नकोस.’

चकलीवाली

सासूला केस? आमच्याकडे आमटीत एक निघाला होता तर आठ दिवस घर ढवळून निघालं. विनोद सोडा, पण बट तर प्रियकराला पाठवतात ना? सासूला कोण पाठवतं?

तळटीप

चकलीताई, म्हणूनच तर ते पत्र लक्षात राहतं. शब्दांत ती पराकोटीची नम्र आहे, क्षमा मागते, प्रेम मागते. पण जोनबाई काही पाघळल्या नाहीत. पुढे १६०४ मध्ये सासरे वारले आणि मारिया लाँगलीटची मालकीण झाली. त्यानंतरच्या पत्रांत नम्रता गेली आणि टोमणे आले. मजा म्हणजे हे खानदान खानदान म्हणून जे चाललं होतं, ते लाँगलीट थॉमसच्या आजोबांनी बांधलेलं, आणि जोनबाई स्वतः लंडनच्या एका व्यापाऱ्याची मुलगी. बाप शहराचा मेयर झाला होता, इतकंच. मारिया मात्र लॉर्डाची मुलगी.

वेताळटेकडी

लेख रंजक आहे, पण एक मोठी चूक होतेय. सगळी उदाहरणं वाडेवाल्यांची. शेतकरी, सुतार, मोलकरीण यांचं काय? त्यांच्याकडे तिजोरीच नव्हती. आणि ज्युलिएट तर चौदाचीसुद्धा नाही. म्हणजे आपल्यासारखेच सर्रास बालविवाह होते की! ‘कायद्यानं स्वातंत्र्य होतं’ म्हणणं जरा जास्तच होतंय.

तळटीप

उलट आहे. चर्चच्या नोंदवह्यांवरून जे गणित मांडलं गेलंय, त्यात सामान्य इंग्रज मुलीचं पहिलं लग्न सरासरी २६ च्या आसपास आणि मुलाचं २७-२८ ला होई. कारण लग्न म्हणजे वेगळी चूल. सासू-सासऱ्यांच्या घरात एक खोली घेऊन राहायची पद्धत तिथे नव्हती. त्यामुळे दहा-बारा वर्षं कुणाकडे तरी चाकरी करायची किंवा उमेदवारी करायची, भांडीकुंडी जमवायची, मग लग्न. तोवर कित्येकांचे बापही गेलेले असत.

ज्युलिएटचं वय शेक्सपिअरनं मुद्दाम खाली आणलंय. त्याच्यासमोर आर्थर ब्रुकची १५६२ ची दीर्घ कविता होती, तिच्यात ती १६ ची आहे. प्रेक्षकालाही तेरा हे वय धक्कादायकच वाटलं असणार. नाटकातला बापच पहिल्या अंकात तिला मागणी घालणाऱ्या पॅरिस या तरुणाला म्हणतो की अजून दोन उन्हाळे जाऊ देत, आणि माझी मर्जी हा तिच्या होकाराचा एक भाग फक्त. किती समंजस! तोच बाप तिसऱ्या अंकात मुलगी नाही म्हणाल्यावर ‘भीक माग, उपाशी मर, रस्त्यात मर’ इथवर जातो. मधे मुलगी बदललेली नाही. बायकोचा भाचा मेलाय, शहरात घराण्याची बाजू पडलीय, आणि राजाच्या नात्यातलं स्थळ हातचं जाईल ही धास्ती.

आणि ब्रुकची प्रस्तावना वाचा. आईबापांचं न ऐकणाऱ्या पोरांची कशी माती होते, ते सांगण्यासाठी मी हे लिहितोय, असा एकूण सूर. पुढे कविता सुरू झाली की स्वतःच त्या दोघांच्या प्रेमात पडलेला.

शेफील्डची_मेघना

वेताळटेकडी यांचा बालविवाहाचा मुद्दा पूर्ण चूक नाही, फक्त तो वरच्या थराला लागू होतो. मी राहते तिथून तासाभरावर हार्डविक हॉल आहे. पाहुणे आले की आमची ठरलेली सहल. लांबूनच दिसतं, छतावरच्या मनोऱ्यांच्या कठड्यात दगडात कोरलेली माणसाएवढी अक्षरं: ‘ई’ आणि ‘एस’. एलिझाबेथ श्रूझबरी. ही बेस ऑफ हार्डविक, साध्या जमीनदाराची मुलगी, चार लग्नं, प्रत्येक नवरा आधीच्यापेक्षा वरचा. चौथा नवरा म्हणजे अर्ल ऑफ श्रूझबरी, बडा सरदार. आभाळावर स्वतःची आद्याक्षरं कोरणारी दुसरी बाई मला माहीत नाही.

तर या बाईनं अर्लशी लग्न करताना अजून दोन लग्नं उरकून घेतली. १५६८ मध्ये, एकाच दिवशी: तिची मुलगी मेरी आणि त्याचा मुलगा गिल्बर्ट, तिचा मुलगा हेन्री आणि त्याची मुलगी ग्रेस. मेरी १२ ची. ग्रेस ८ ची! म्हणजे आम्ही दोघं उद्या भांडलो तरी इस्टेट एकमेकांत गुंतलेली राहील. आणि भांडलेच ते, असं भांडले की राणीला मध्ये पडावं लागलं.

अवांतर: तिथल्या गॅलरीत बेसची तसबीर आहे, काळे कपडे आणि मोत्यांच्या लडीच्या लडी. आमच्या आई तिच्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हिच्यापुढे व्याह्यांची काय टाप.’

दप्तरी

निवृत्तीनंतर जुने खटले वाचणं हा माझा छंद आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. राग मानू नका.

तळटीप यांनी ‘वर्तमानकाळ’ सांगितला, पण कोर्टात उभं राहिल्यावर प्रश्न येतो पुराव्याचा. वचन दिलं हे खरं, ऐकलं कुणी? लेडी कॅथरीन ग्रे हिचं उदाहरण घ्या. सिंहासनावर हक्क सांगू शकेल अशी मुलगी. १५६० च्या डिसेंबरात तिनं अर्ल ऑफ हर्टफर्डशी गुपचूप लग्न केलं. पाद्री होता, पण त्याचं नाव दोघांनाही ठाऊक नाही. साक्षीदार एकच, नवऱ्याची बहीण, ती काही महिन्यांत वारली. कॅथरीन गरोदर राहिली आणि बिंग फुटलं. राणीनं दोघांना लंडनच्या ‘टॉवर’ या किल्ल्यात कैदेत टाकलं, चौकशी समिती बसवली, आणि समितीनं ठरवलं की लग्न झालंच नाही. टॉवरच्या अधिकाऱ्यानं दया येऊन दोघांना भेटू दिलं, तर १५६३ मध्ये दुसरा मुलगा झाला. मग हर्टफर्डला १५,००० पौंड दंड. कॅथरीन १५६८ मध्ये नजरकैदेतच गेली. म्हणजे राणी ही त्या देशातली सगळ्यात मोठी सासू.

आता माझा आवडता खटला. १६०४ साली, म्हणजे राणी जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. लंडनच्या सिल्व्हर स्ट्रीटवर क्रिस्टोफर माउंटजॉय नावाचा फ्रेंच कारागीर राहायचा. उच्चभ्रू बायकांसाठी डोक्यावरचे नक्षीदार शिरपेच बनवायचा. एकुलती एक मुलगी मेरी, आणि हाताखाली शिकून तयार झालेला स्टीफन बेलॉट. पोरगा कामाचा, पण लग्नाचा विषय काढत नाही. मुलीच्या आईनं काय करावं? वरच्या खोलीत एक भाडेकरू राहत होता, त्याला मध्यस्थ घातलं. भाडेकरूनं स्टीफनला समजावलं, हुंडा मिळेल म्हणून सांगितलं, दोघांचे हात हातात दिले. नोव्हेंबरात चर्चमध्ये लग्न लागलं.

भाडेकरूचं नाव विल्यम शेक्सपिअर.

सासऱ्यानं हुंडा दिला नाही. १६१२ मध्ये जावई कोर्टात गेला: ६० पौंड कबूल केले होते आणि मरताना आणखी २०० देईन म्हणाले होते. मिळालं काय? आंदणाची यादीच कोर्टात दाखल आहे: एक जुनी पिसांची गादी, एक जुना तक्क्या, एक पातळ हिरवी चादर, दोन साधी ब्लँकेटं, जाड्याभरड्या कापडाचे डझनभर रुमाल, दोन जुने स्टूल, दोन जुन्या ट्रंका, दोन लहान कात्र्या. यादीत ‘जुनी’ हा शब्द किती वेळा येतो, ते मोजा.

मोलकरणीनं साक्ष दिली की होय, लग्न जुळवायला मिस्टर शेक्सपिअरना मालकीणबाईंनी गळ घातली होती. एक शेजारी म्हणाला, शेक्सपिअर मला पन्नासच्या आसपास काहीतरी बोलले होते. मग खुद्द शेक्सपिअर उभे राहिले, ११ मे १६१२. दोघांना दहाएक वर्षं ओळखतो, मुलगा चांगला आहे, कामसू आहे, मालकीणबाईंनी सांगितलं म्हणून मी शब्द टाकला, हुंडा द्यायचा ठरला होता. किती? आठवत नाही. केव्हा द्यायचा? आठवत नाही. खाली सही, तीही अर्धवट तोडलेली.

चकलीवाली

अख्खी नाटकं तोंडपाठ असणाऱ्याला साठ पौंड आठवेनात!

दुष्यंतालाही शकुंतला आठवली नव्हती, पण त्याला निदान दुर्वासांचा शाप होता. यांना कुणाचा?

दप्तरी

घरमालकाशी संबंध टिकवायचे असतील, ताई. मध्यस्थाला दोन्ही घरी चहाला जायचं असतं. मला तर त्या उत्तरात मुरलेल्या मध्यस्थाचा आवाज ऐकू येतो.

वेताळटेकडी

शाकुंतलाचा उल्लेख आला ते बरं झालं. गांधर्वविवाहाचीच ही गत: दोघांचं वचन, साक्षीला कुणी नाही, आणि मग पुरुष म्हणतो मी नाही बुवा ओळखत. कायदा ‘स्वतंत्र’ होता त्याचा तोटा कुणाला, तर बाईला. कोर्टात ती एकटी उभी राहणार पोट घेऊन.

आणि इभ्रतीबद्दल कुणी बोललंच नाही. पुरुषाची इभ्रत म्हणजे तलवार आणि दिलेला शब्द. बाईची म्हणजे एकच गोष्ट.

शेफील्डची_मेघना

हो आणि नाही. बायका गप्प बसत नव्हत्या. बिशपच्या कोर्टांत त्या काळात बदनामीच्या फिर्यादींचा खच पडलाय, आणि फिर्यादी मोठ्या संख्येनं साध्या बायका: खाटकाची बायको, शिंप्याची बायको. विहिरीवर, बाजारात, दारात कुणीतरी चारचौघांत ‘वेश्या’ म्हटलं, की ही पदर खोचून कोर्टात. सिद्ध झालं तर बोलणाऱ्याला चर्चमध्ये माफी मागावी लागे. व्यभिचार सिद्ध झालेल्याला, पुरुषालासुद्धा, पांढरी चादर पांघरून सगळ्या गावासमोर चर्चमध्ये उभं करत.

आणि दुसरीकडे, बोहल्यावर चढणाऱ्या दर पाच मुलींमागे निदान एक गरोदर असायची. नोंदवह्यांतल्या लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या तारखा जुळवल्या की दिसतं. वाङ्निश्चय झाला म्हणजे झालंच, असं गाव धरून चालायचं. लग्न झालं नाही तर मात्र तेच गाव फिरायचं.

तळटीप

आणि त्यात एक जोडपं स्ट्रॅटफर्डचं. १५८२ चा नोव्हेंबर. नवरा १८, नवरी अ‍ॅन हॅथवे २६, पोटात तीनेक महिन्यांचं बाळ. चर्चमध्ये ओळीनं तीन वेळा पुकारा करण्याइतका वेळ नाही. म्हणून वुस्टरच्या बिशपकडून एकाच पुकाऱ्यावर परवाना घेतला. लग्नात काही खोट निघाली तर भरपाई म्हणून ४० पौंडांचा जामीन, सह्या नवरीच्या गावच्या दोन शेतकऱ्यांच्या, तिच्या वारलेल्या बापाचे स्नेही. नवऱ्याकडचं कुणी नाही. मे महिन्यात सुझानाचा बाप्तिस्मा.

इथे आईबापांच्या परवानगीची गरज कुणाला होती? नवऱ्याला! तो अज्ञान. ती सव्वीस वर्षांची, बाप गेलेला, आपली मुखत्यार. ‘लहान मुलीला फसवलं’ या ठरीव गोष्टीच्या बरोब्बर उलट.

शेवटचीओळ

नाटकवाल्याच्या नजरेतून एक निरीक्षण. घराण्याच्या इभ्रतीपायी मुलीचा बळी जातो किंवा जाता जाता राहतो, ती नाटकं शेक्सपिअरनं कुठे ठेवलीत? व्हेरोनात, मेसिनात, व्हेनिसात. सगळं इटलीत. इंग्लंडच्या गावात ठेवलेली लग्नाची गोष्ट म्हणजे विंडसरच्या बायकांची, आणि तिथे मुलगी आई-बाप दोघांनाही चकवून तिसऱ्याशीच लग्न लावून येते आणि शेवटी सगळे मुकाट जेवायला बसतात. ‘असलं तिकडे होतं, आपल्याकडे नाही’ हा सोयीचा पडदा.

आपल्याकडे आगरकर, देवल, वा. बा. केळकर यांनी शेक्सपिअरची नाटकं मराठीत आणली तेव्हा पात्रांची नावं, पोशाख सगळं इथलं केलं. ‘झुंझारराव’ (मूळ ‘ऑथेल्लो’) आणि ‘त्राटिका’ (मूळ ‘टेमिंग ऑफ द श्रू’) मराठी प्रेक्षकानं आपलीच म्हणून पाहिली. बाप-लेक, सासरा-जावई यांच्या संवादांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

दप्तरी

पडदा म्हणालात म्हणून सांगतो, एकदा तो फाटला होता. यॉर्कशायरचा वॉल्टर कॅलव्हर्ली. बाप लवकर गेला. जमीनदाराचा अज्ञान वारस राजाच्या ताब्यात जायचा आणि त्याचं पालकत्व विकलं जायचं. अक्षरशः विकलं जायचं, त्यासाठी वेगळं कोर्ट होतं. विकत घेणारा त्याची इस्टेटही खायचा आणि लग्नही ठरवायचा. पोरानं नकार दिला तर ‘लग्नाची किंमत’ भरायची. त्या कोर्टाचे प्रमुख लॉर्ड बर्ली यांनी आपली नात अर्ल ऑफ साउदॅम्प्टनच्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला. तो नाही म्हणाला, तर ५,००० पौंडांचा भुर्दंड पडल्याचं बोललं जायचं. पुढे १५९८ मध्ये त्यानं राणीच्या सेवेतल्या एलिझाबेथ व्हर्ननशी गुपचूप लग्न केलं, ती गरोदर होती, आणि राणीनं त्याला फ्लीट तुरुंगात बसवलं.

कॅलव्हर्लीचं लग्न असंच पालकत्वाखाली असताना झालं. १६०५ च्या एप्रिलमध्ये, कर्जात बुडालेला असताना, त्यानं आपल्या दोन लहान मुलांना भोसकून मारलं, बायकोवर वार केले आणि तिसरं मूल दाईकडे होतं तिकडे घोड्यावरून निघाला. वाटेत पकडला गेला. कोर्टात त्यानं गुन्हा कबूलही केला नाही आणि नाकारलाही नाही. गप्प. अशा माणसाला छातीवर वजनं ठेवून चिरडायची शिक्षा होती, ती त्यानं यॉर्कमध्ये भोगली. पण खटलाच न चालल्यामुळे दोषी ठरला नाही, आणि दोषी न ठरल्यामुळे इस्टेट जप्त झाली नाही. वाचलेल्या मुलाला मिळाली. ज्या पोराला मारायला निघाला होता, त्याच पोराला!

या घटनेवर लगेच नाटकं आली. त्यातलं एक जॉर्ज विल्किन्सचं, बळजबरीच्या लग्नाची हालअपेष्टा सांगणारं. आणि हा विल्किन्स कोण? खानावळवाला. स्टीफन आणि मेरी बेलॉट लग्नानंतर सासऱ्याशी भांडून बाहेर पडले ते याच्याच घरी भाड्यानं राहिले. हुंड्याच्या खटल्यात त्याचीही साक्ष आहे. मिळालेल्या सामानाला आपण पाच पौंडसुद्धा दिले नसते, म्हणाला.

चकलीवाली

काका, पहिला परिच्छेद वाचून टोमणा तयार केला होता, दुसरा वाचून गिळला.

अर्धाचहा

मग साठ पौंड मिळाले का शेवटी?

दप्तरी

कोर्टानं प्रकरण लंडनच्या फ्रेंच चर्चच्या वडीलधाऱ्यांकडे सोपवलं, म्हणजे भावकीच्या पंचांकडे. त्यांनी सासरा-जावई दोघांनाही धारेवर धरलं आणि २० नोबल द्यायला सांगितले. सासऱ्यानं तेही दिले नाहीत.

तळटीप

थांबा थांबा. २० नोबल म्हणजे किती? एक नोबल सहा शिलिंग आठ पेन्स. वीस म्हणजे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स.

अ‍ॅन हॅथवेच्या बापानं १५८१ मध्ये मृत्युपत्रात तिला लग्नाच्या दिवशी द्यायला ठेवले होते १० मार्क. एक मार्क तेरा शिलिंग चार पेन्स. दहाचे... ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स!

तंतोतंत तोच आकडा. योगायोगच आहे, यात सिद्ध काही होत नाही. पण स्वतःच्या बायकोनं आणलेली रक्कम तरी मध्यस्थबुवांना आठवत असेल का, असा विचार आला.

शेफील्डची_मेघना

कवी जॉन डन राहिला की! लॉर्ड कीपर, म्हणजे राजमुद्रा सांभाळणारा मंत्री, एगर्टन याचा चिटणीस, उमदा, पुढे मोठी पदं मिळणार हे नक्की. मालकाच्या घरी पूर्वी राहिलेली अ‍ॅन मोर हिच्याशी १६०१ च्या डिसेंबरात चोरून लग्न. तो २९, ती १७. पाद्री मित्राचा भाऊ. दोनेक महिन्यांनी सासऱ्याला पत्र लिहिलं, सरदार नॉर्थम्बरलँडच्या हस्ते पाठवलं. आधी विचारलं असतं तर नकार ठरलेलाच होता, म्हणून विचारलं नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. सासऱ्यानं डनला, पाद्र्याला आणि त्या मित्राला, तिघांनाही तुरुंगात घातलं. नोकरी गेली. काही आठवड्यांत कोर्टानं सांगितलं, लग्न पक्कं आहे. जावई तर टळत नाही, मग सासरा एगर्टनकडे गेला की याला परत कामावर घ्या. एगर्टननं नाही म्हटलं. पुढे कित्येक वर्षं नातेवाइकांच्या आसऱ्यानं, ओढगस्तीत संसार.

शेवटी सासरा वितळला तो कसा? ८०० पौंड देईन, आणि ते देईपर्यंत दर तिमाहीला २० पौंड. तळटीप, तुमचे आकडे आले बघा.

अ‍ॅन १६१७ मध्ये बाराव्या बाळंतपणात गेली. तिच्या हातचं एकही पत्र आपल्याकडे नाही. या सगळ्या गोंधळात तिचं काय म्हणणं होतं, ते नवऱ्याच्या कवितांतून हुडकायचं.

वेताळटेकडी

इथे मात्र +१. मारियाची पत्रं राहिली ती ती वाड्यात राहिली म्हणून. सुतारणीची कोण ठेवणार? तिचा आवाज ऐकायचा तर बिशपच्या कोर्टातच, तोही कारकुनानं लिहून घेतलेला. दप्तरीकाका, त्यावर वेगळा धागा काढा.

दप्तरी

काढतो. गुडघ्याचं ऑपरेशन आहे पुढल्या महिन्यात, त्यानंतर वेळच वेळ.

अर्धाचहा, रविवारी काय झालं? जाता जाता: आपल्याकडे १९६१ पासून हुंडाबंदी आहे, तेव्हा साठ पौंडांची भाषा विनोदातही नको. खर्चाची यादी मात्र लिहूनच काढा.

अर्धाचहा

झाली बैठक. हुंडा-बिंडा नाही, ताईनं आधीच ठणकावलं होतं. हॉल आणि जेवण निम्मं-निम्मं, फोटोवाला त्यांचा, डेकोरेशन आमचं. मग मुलाचे मामा म्हणाले, ‘सगळं बोलून झालंय, लिहायचं कशाला, आपण काय परके आहोत?’ सगळे हसले, बाबांनी मान डोलावली, पोहे आले.

मी म्हटलं, ‘मामा, तुमचं चुकून शेक्सपिअर व्हायला नको.’ कुणालाच काही कळलं नाही. ताईला मात्र हसू आवरेना, तिनं हा धागा वाचलाय. तिनंच पर्समधून पेन काढलं, पत्रिकेच्या नमुन्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला आठ ओळी लिहिल्या आणि कागद मामांपुढे सरकवला. मामांनी पूर्ण नाव लिहून सही केली.